परदेशात आलोय, सोबत बोका आणि कुत्री. खिशाला झेपेल असा व्हेट कसा शोधायचा?

खंडूची_आई

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अलीकडेच देश बदलला. खंडू आणि चिमीला मागे ठेवायचा प्रश्नच नव्हता. मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतरची रक्ततपासणी, सरकारी कागद, सगळं निस्तरून दोघांना सोबत आणलं. खंडू अकरा वर्षांचा बोका आहे. किडनीचा आजार, दुसरी स्टेज. चिमी पाच वर्षांची गावठी कुत्री.

खंडूच्या गोळ्या संपत आल्या म्हणून घराजवळच्या क्लिनिकमध्ये गेले. डॉक्टर बोलायला चांगल्या होत्या, खंडूला हाताळण्याची पद्धतही प्रेमळ होती. पण त्यांनी जे अंदाजपत्रक हातात ठेवलं ते बघून घाम फुटला. रक्त, लघवी, सोनोग्राफी, रक्तदाब, भूल देऊन दातांची सफाई, शिवाय दोघांच्या सगळ्या लसी पुन्हा पहिल्यापासून. मी फक्त रक्त तपासून घेतलं आणि बाहेर पडले. काल रिपोर्ट ईमेलवर आला, त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) २०३ आहे! निघण्याआधी २.३ होतं. डॉक्टरांची वेळ मिळालीय ती पुढच्या आठवड्यातली. खंडू मात्र नीट जेवतोय आणि रात्री अंगावर येऊन झोपतोय.

घर सध्या एका पगारावर चाललंय, माझं वर्क परमिट यायचंय. खंडूच्या उपचारांत हात आखडता घ्यायचा नाही, पण खरंच लागतं ते काय आणि थांबलं तर चालेल ते काय, हे मला समजत नाहीये. दुसरं स्वस्त क्लिनिक शोधू? विमा काढू? औषधं भारतातून मागवू? चिमी तशी बरी आहे. जरा मंदावलीय, आणि मध्ये नाकातून थोडं रक्त आलं होतं, पण इथली हवा फार कोरडी आहे, त्यामुळे असेल असं नवरा म्हणतो. तिला आत्ताच दाखवू की परमिट आल्यावर?

---

सदाफुली

ताई, आधी दीर्घ श्वास घ्या. तुमचा २०३ आणि तुमचा २.३ एकच आहे.

भारतातल्या लॅब क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, बऱ्याच देशांत ते मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देतात. २.३ ला ८८.४ ने गुणा, २०३ येईल. रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात एकक लिहिलेलं असतं, ते बघा. मांजरांची दुसरी स्टेज १.६ ते २.८ पर्यंत धरतात, नव्या एककात साधारण १४० ते २५०. म्हणजे खंडू होता तिथेच आहे. इतक्या लांबच्या प्रवासानंतर आणि घर बदलल्यावर आकडा हलला नाही, ही चांगली बातमी आहे.

युरिया आणि ग्लुकोजचे आकडेही असेच वेगळे दिसतील. जुने रिपोर्ट शेजारी ठेवून एकदा एका कागदावर सगळे एका एककात लिहून काढा आणि तो कागद डॉक्टरांना द्या.

---

बंड्याचा_बाबा

खंडूची आई, मी माझ्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन एकदा नाही, दोनदा देश बदललाय, त्यामुळे तुमचं अंदाजपत्रक डोळ्यांसमोर उभं राहिलं. थोडं सविस्तर लिहितो.

स्वस्त क्लिनिक शोधत फिरू नका. ज्यांच्याशी पैशांबद्दल उघडपणे बोलता येतं असा डॉक्टर शोधा. दोन क्लिनिकमधल्या तपासणी फीचा फरक शेवटी किरकोळ निघतो. बिल फुगतं ते तपासण्यांनी, आणि कुठल्या तपासण्या करायच्या हे तुमच्या आणि डॉक्टरांच्या बोलण्यातून ठरतं. तुमच्या डॉक्टर प्रेमळ आहेत, खंडूला नीट हाताळतात, मग त्यांना सोडू नका. पुढच्या भेटीत बसल्या बसल्या सांगा, "आमचं महिन्याचं बजेट एवढं आहे. त्यात खंडूला सगळ्यात जास्त फायदा कशाने होईल, ते क्रमाने सांगाल का?" आपल्याला हे बोलायला जड जातं, डॉक्टर आपल्याला कंजूष समजतील असं वाटतं. माझा अनुभव अगदी उलटा आहे. आकडा समोर आला की चांगला डॉक्टर त्या आकड्यात उपचार बसवायला लागतो. आकडा कळलाच नाही तर तो पुस्तकातलं सगळं लिहून देतो, कारण काही सुटलं तर ठपका त्याच्यावर येतो.

दुसरा प्रश्न प्रत्येक तपासणीसाठी विचारा. "याचा निकाल काहीही आला तरी उपचार बदलणार आहेत का?" बदलणार असतील तर करायची. नसतील तर थांबायचं.

बंड्याला हृदयाच्या झडपेचा त्रास होता. पहिल्या देशात दर थोड्या दिवसांनी छातीचा एक्स-रे निघायचा. दुसऱ्या देशातल्या डॉक्टरांनी हाच प्रश्न ऐकला आणि मला घरी करायचं काम दिलं. बंड्या गाढ झोपला की दिवा मंद करायचा, शेजारी जमिनीवर बसायचं, फोनवर एक मिनिट लावायचं आणि बरगड्या किती वेळा वर येतात ते मोजायचं. वर आणि खाली मिळून एक श्वास. झोपेत मिनिटाला तीसच्या खाली असेल तर ठीक. सलग वर जायला लागला तर फोन करायचा. एका रात्री आकडा चढलेला दिसला, आम्ही सकाळी पोचलो, लघवीच्या गोळीचा डोस वाढवला आणि ऑक्सिजनवर ठेवायची वेळ आली नाही. त्या वहीने जेवढे पैसे वाचवले तेवढे कुठल्याच सवलतीने वाचवले नाहीत. शिवाय बंड्याला एक्स-रेच्या टेबलावर दाबून धरणं टळलं, त्याचं मोल मला जास्त आहे.

आता खंडूची यादी याच प्रश्नाने बघू. रक्तदाब करून घ्याच. किडनीच्या मांजरांत तो बऱ्याचदा वाढतो, १६० च्या वर टिकून राहिला तर औषध सुरू करतात, आणि लक्ष दिलं नाही तर मांजर अचानक आंधळं होऊ शकतं. लघवीतलं प्रोटीनही करा, त्यावरून औषध ठरतं. खूप क्लिनिकमध्ये रक्तदाब नर्सच्या अपॉइंटमेंटमध्ये मोजून मिळतो, त्याला डॉक्टरांची पूर्ण फी लागत नाही. नखं, वजन, गोळी द्यायला शिकवणं हेही नर्सकडे होतं. याबद्दल क्लिनिक आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

लघवीचा नमुना घरून नेता येतो. न शोषणारे प्लास्टिकचे दाणे मिळतात. खंडूचं भांडं धुऊन, कोरडं करून त्यात ते घाला, सकाळची लघवी ड्रॉपरने उचलून स्वच्छ डबीत भरा, लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. फक्त कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघणं) करायचं असेल तर हा नमुना चालत नाही, तो डॉक्टरच सुईने घेतात.

सोनोग्राफीबद्दल विचारा. आकडे स्थिर आहेत, बोका जेवतोय, मग बहुतेक ती लांबवता येईल. दातांच्या बाबतीत मात्र घाईने नाही म्हणू नका. किडनीच्या मांजराचं तोंड दुखायला लागलं की ते खाणं सोडतं, आणि खाणं सुटलं की सगळंच बिघडतं. "आत्ता दुखतंय का, की सहा महिने लक्ष ठेवून चालेल?" एवढं स्पष्ट विचारा.

लसींचं पुस्तक जपून आणलंय ना? मग सगळ्या लसी पहिल्यापासून कशासाठी, हे नम्रपणे विचारा. प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटना आहे, डब्ल्यूएसएव्हीए. तिच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कुत्र्यांच्या डिस्टेंपर, पार्व्हो, ॲडिनो या मुख्य लसी मोठ्या वयात तीन वर्षांतून एकदाच पुरतात. आपल्याकडे दरवर्षी देतात म्हणून आपल्याला तीच सवय. लेप्टोची लस मात्र दरवर्षीच लागते, आणि लेप्टोचे जंतू भागाभागात वेगळे असतात, त्यामुळे चिमीला नव्या देशातल्या लसीचे दोन डोस घ्यायला सांगितले तर त्याला अर्थ आहे. रेबीजचं त्या देशाच्या कायद्याप्रमाणे.

पशुवैद्यकीय कॉलेजांबद्दल सगळे सांगतात, मीही सांगतो, पण पूर्ण सांगतो. तिथली साधी ओपीडी, विद्यार्थ्यांचे दवाखाने, लसीकरणाचे दिवस हे बऱ्याच ठिकाणी स्वस्त असतात. त्याच आवारातलं स्पेशालिस्ट हॉस्पिटल मात्र गावातल्या क्लिनिकपेक्षा महाग असतं. फोनवर नेमका विभाग विचारा.

धर्मादाय दवाखान्यांचंही तसंच. ब्रिटनमध्ये पीडीएसए ही संस्था १९१७ पासून आहे, पण तिथे मोफत किंवा कमी दरातले उपचार ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्यांनाच मिळतात, नुकत्याच आलेल्या माणसाला नाही. जर्मनीत दर कायद्याने ठरलेले आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरपासून नवं दरपत्रक लागू झालं. डॉक्टर मूळ दराच्या एक ते तीन पटीत फी घेऊ शकतो, आणि रात्रीच्या किंवा सुट्टीच्या आपत्कालीन सेवेत दोन ते चार पट. तिथे बिलावर पट छापलेली असते, ती बघायची. तुमच्या देशात काय आहे ते पशुवैद्यकांच्या कौन्सिलच्या वेबसाइटवर सापडेल. एक संध्याकाळ त्यासाठी नक्की काढा.

आणि चिमीच्या नाकातल्या रक्ताबद्दल कुणीतरी डॉक्टर इथे लिहील अशी आशा आहे. मला ते कोरड्या हवेवर सोडून द्यावंसं वाटत नाही.

---

प्राण्यांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. चिमीला या आठवड्यातच दाखवा. परमिटची वाट बघू नका.

भारतातून आलेली कुत्री, मंदावलेली, नाकातून रक्त. मला पहिली शंका गोचीड तापाची येते, त्यातही एर्लिकिया कॅनिस या जंतूची. तपकिरी गोचिडीतून तो शिरतो आणि अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षंही दबून राहतो. प्लेटलेट्स कमी होतात आणि नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. थंड हवेच्या देशांत ही गोचीड फारशी नसते, त्यामुळे तिथल्या चांगल्या डॉक्टरांच्याही हे चटकन डोक्यात येत नाही. मग नाकाचा स्कॅन, दुर्बिणीने तपासणी अशा महागड्या वाटेने शोध सुरू होतो. तुम्ही आत शिरताच सांगा की ही कुत्री भारतात वाढलीय, तिला गोचिडी व्हायच्या, एर्लिकियाची तपासणी करू या का? प्लेटलेट्ससह रक्ताची पूर्ण मोजणी, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला रक्ताची काच आणि एर्लिकियाची रॅपिड टेस्ट किंवा पीसीआर, सुरुवातीला एवढं पुरे. सापडलं तर औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन, साधारण २८ दिवस, आणि ते महाग औषधांपैकी नाही. अर्थात नाकातून रक्त यायला इतर कारणंही असतात, म्हणून तपासल्याशिवाय घरी काही सुरू करू नका. तोवर तिला ॲस्पिरिन किंवा कुठलीही वेदनाशामक गोळी देऊ नका.

जे कुणी प्राणी घेऊन देश बदलतात त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तुमचा प्राणी कुठे वाढला हे प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्या मिनिटाला सांगा. भूमध्य समुद्राकाठून आलेल्या कुत्र्यांत लेशमानिया हा परजीवी, डासांच्या प्रदेशातून आलेल्यांत हार्टवर्म म्हणजे हृदयातले जंत. एका वाक्याने योग्य तपासणी आधी होते.

औषधांबद्दल. भारतातून पार्सल मागवू नका, बहुतेक देशांत ते कस्टममध्ये अडकतं आणि खंडूचा डोस चुकतो. त्याऐवजी डॉक्टरांकडे लेखी प्रिस्क्रिप्शन मागा आणि नोंदणीकृत फार्मसीतून घ्या. ब्रिटनमध्ये डॉक्टरला ते मागितल्यावर द्यावंच लागतं, त्यासाठी थोडी फी घेता येते. रोजच्या, लांब चालणाऱ्या गोळ्यांसाठी हे नक्की परवडतं, एखाद्या आठवड्याच्या कोर्ससाठी बहुधा नाही. माणसांचं जेनेरिक चालेल का हेही विचारा. काही देशांत प्राण्यांसाठी मान्यता असलेलं औषध असेल तर आधी तेच द्यायचा नियम आहे, तेव्हा डॉक्टर नाही म्हणाले तर त्यामागे बहुधा हा नियम असतो.

घरातल्या डब्यातलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्यांची किडनी जाते. गोड चवीच्या पातळ औषधांत झायलिटॉल असेल तर ते कुत्र्यांना विष आहे. आणि तुमच्या घरी दोघंही आहेत म्हणून मुद्दाम लिहितो, कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचीडनाशकात परमेथ्रिन असेल तर ते मांजराजवळही नको. चिमीला लावलं आणि खंडू तिला चिकटून झोपला तरी त्याला झटके येऊ शकतात. फार्मसीत विचारून परमेथ्रिन नसलेलंच घ्या.

रात्री धावायचं की सकाळपर्यंत थांबायचं, यावर खूप पैसा जातो आणि कधी जीवही. बोका लघवीला पुन्हा पुन्हा बसतोय आणि थेंब येत नाही, मांजर तोंड उघडून श्वास घेतंय, कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलंय आणि ओकाऱ्या काढूनही काही पडत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर त्याच क्षणी निघा. एकदा उलटी झाली पण खेळतोय, कान खाजवतोय, एक वेळ कमी जेवला, तर फोन करून सल्ला घ्या आणि सकाळी जा. चिमीच्या नाकातून पुन्हा रक्त आलं आणि थांबलं नाही तर मात्र रात्रीच.

---

मीनाक्षी_पी

विम्याबद्दल थोडक्यात, मी याच कामात आहे. खंडूच्या किडनीला आता कुठलीच नेहमीची पॉलिसी हात लावणार नाही, आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. त्याच्यासाठी हप्ता भरण्यापेक्षा ती रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. चिमीचा विमा मात्र विचार करण्यासारखा आहे, ती पाच वर्षांची आहे. पण आता नाकातल्या रक्ताचा उल्लेख केल्याशिवाय अर्ज भरू नका. क्लेमच्या वेळी कंपनी भारतातले कागदसुद्धा मागते, आणि लपवलं असं दिसलं तर सगळंच नाकारते.

पॉलिसी बघताना हप्त्याच्या आधी एक गोष्ट बघा. मर्यादा दरवर्षी नव्याने भरते, की एका आजाराला एकदाच ठरावीक रक्कम मिळून तो आजार कायमचा बंद होतो? स्वस्त पॉलिसी बहुतेक दुसऱ्या प्रकारची असते. तरुण प्राण्याला मधुमेह किंवा त्वचेचा आजार जडला की हा फरक आयुष्यभर जाणवतो. आणि क्लिनिकचे मासिक हेल्थ प्लॅन म्हणजे विमा नव्हे. त्यात लसी, जंताचं औषध आणि तपासणी एवढंच येतं. अपघाताला त्याचा उपयोग नाही.

---

खंडूची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचून दुसऱ्याच दिवशी चिमीला नेलं. भारतात वाढलीय आणि गोचिडी व्हायच्या, हे दारातच सांगितलं. डॉक्टरांनी लगेच पेन खाली ठेवून चिमीचा ओठ वर केला, हिरड्या बघितल्या, मग पोटाच्या केसांत बोटं फिरवली. तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, मला कधी दिसलेच नव्हते. प्लेटलेट्स खूप कमी आल्या, एर्लिकियाची टेस्ट पॉझिटिव्ह. डॉक्सिसायक्लिन सुरू झालंय. कालपासून ती दाराशी माझी चप्पल घेऊन उभी राहायला लागलीय, फिरायला चल म्हणून. डॉक्टर स्वतः म्हणाल्या की इथे त्यांनी हा आजार फक्त बाहेरून आलेल्या कुत्र्यांत बघितलाय.

बंड्याच्या बाबांचे दोन्ही प्रश्न कागदावर लिहून नेले होते. बजेट सांगितल्यावर डॉक्टरांनी यादी फिरवून स्वतः खुणा केल्या. खंडूचा रक्तदाब नर्सकडे, लघवी घरून, सोनोग्राफी पुढे ढकलली, दात तीन महिन्यांनी पुन्हा बघायचे. चिमीच्या मुख्य लसी पुस्तक बघून मान्य केल्या. खंडूच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन मिळालं.

एक राहिलंच. दोन-तीन वर्षांनी आम्ही कदाचित पुन्हा देश बदलू, युरोपातच. आत्तापासून काय सांभाळायचं म्हणजे तेव्हाचा खर्च वाचेल?

---

बंड्याचा_बाबा

चिमीचं वाचून फार बरं वाटलं! गोळी खाण्याबरोबर द्या, कोर्स मध्येच सोडू नका आणि प्लेटलेट्स पुन्हा कधी बघायच्या ते विचारून ठेवा.

पुढच्या प्रवासासाठी रेबीजच्या बूस्टरची तारीख सगळ्यात महत्त्वाची. निघण्याआधी जी रक्ततपासणी केली असेल, मिलिलिटरला ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त प्रतिपिंडं दाखवणारी, ती युरोपियन युनियनच्या नियमांत पुन्हा करावी लागत नाही, पण बूस्टर आधीच्या लसीची मुदत संपण्याच्या आत झाला पाहिजे. मुदत उलटली तर नवी लस घेऊन २१ दिवस थांबावं लागतं, आणि भारतासारख्या देशातून पुन्हा युनियनमध्ये यायचं असेल तर पुन्हा रक्त, नमुना घेतल्यापासून तीन महिन्यांची वाट, सगळं पहिल्यापासून. तेव्हा तारीख दोघांच्या फोनमध्ये टाका आणि मुदतीच्या महिनाभर आधीच बूस्टर घ्या. त्या तपासणीचा मूळ कागद पासपोर्टच्या फायलीत ठेवा.

युनियनमधल्या देशात राहत असाल तर तिथल्या डॉक्टरांकडून दोघांचे पेट पासपोर्ट करून घ्या, म्हणजे शेजारच्या देशात जाताना दर वेळी नवं प्रमाणपत्र लागत नाही. चिप कोणाची हे फक्त डेटाबेसवरून कळतं, चिपमध्ये तर नुसता १५ आकडी नंबर असतो. भारतात नोंदवलेला फोन नंबर आता बंद असेल, तर नव्या देशाच्या डेटाबेसमध्ये आजच नोंद करा. खंडू घरातच असतो म्हणून त्याचं राहून जाऊ देऊ नका, नव्या घरात उघड्या खिडकीतून निसटतात ती घरात राहणारीच मांजरं.